अंगणवाडीच्या ताटात ताज्या भाजीला स्वतंत्र तरतूद हवी

मा. संपादक यांस,

सा. न. वि. वि.

सप्टेंबर उजाडला की राज्यातल्या अंगणवाड्यांत राष्ट्रीय पोषण माह साजरा होतो. २०१८ पासून हा उपक्रम देशभर चालू आहे. टेबलावर पालक, गाजर, बीट, टोमॅटो, शेवग्याच्या शेंगा मांडल्या जातात, कडधान्यांची रांगोळी निघते, मातांना सकस आहाराची माहिती दिली जाते आणि छायाचित्रे वरिष्ठांकडे रवाना होतात. नागरी बालविकास प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून नोकरी करताना मी अशा अनेक मांडण्या पाहिल्या आणि काही स्वतः मांडूनही घेतल्या. त्या टेबलावरची भाजी पुष्कळदा सेविका आणि मदतनीस पदरच्या पैशाने आणतात, कारण कार्यक्रमाची रक्कम वेळेवर हातात पडेलच याची शाश्वती नसते. मात्र त्याहून मोठी अडचण अशी आहे की जी भाजी आणि जे फळ मुलाच्या पोटात रोज जावे असे आपण आईला त्या टेबलापाशी उभे राहून सांगतो, त्यासाठी सहा वर्षांखालील मुलांच्या सरकारी आहारात ग्रॅममध्ये मोजता येईल अशी कोणतीही हमी नाही. या एकाच मुद्द्याकडे आपल्या वाचकांचे आणि राज्यकर्त्यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत हे प्रमाण ६८.९ टक्क्यांवर गेले. याच फेरीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश निघाली. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत, वारंवार होणारे आजार, आईचाच रक्तक्षय, मांसाहाराचा अभाव ही त्यांतली काही. भाजी दिली की सारे सुटेल असा माझा दावा नाही. परंतु ज्या मुलाचा दिवस भात, पातळ वरण, चहा-बिस्किट आणि बटाटा एवढ्यावर निघतो त्याला लोह, फोलेट, अ आणि क जीवनसत्त्व कुठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. धान्य-डाळींतले लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी सोबत क जीवनसत्त्व लागते, म्हणून प्रशिक्षणात आम्ही सेविकांना आणि मातांना ‘खिचडीवर लिंबू पिळा’ असे आवर्जून सांगत असू. उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढला की तेच वाक्य उच्चारताना जीभ अडखळे.

आता अंगणवाडीतला हिशेब पाहू. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलासाठी पूरक पोषण आहाराचा दर दिवसाला ८ रुपये. तीव्र कुपोषित मुलासाठी तो १२ रुपये आणि गर्भवती व स्तनदा मातांसाठी साडेनऊ रुपये. हे दर २०१७ मध्ये ठरले आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे तेच राहिले. शाळेतल्या पोषण आहाराच्या सामग्रीचा दर मात्र २०२२ पासून तीनदा वाढवला गेला. तोही पुरेसा आहे असे कोणी म्हणणार नाही, पण तो निदान हलतो. एखाद्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची पंचवीस मुले हजर असतील, तर सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम आहार मिळून दिवसाला २०० रुपये होतात. तांदूळ-गहू सवलतीत मिळतात हे खरे. परंतु डाळ, तेल, मीठ-मसाला, गॅस, वाहतूक आणि रांधणाऱ्या बचत गटाच्या बायकांची मजुरी, हे सारे त्या दोनशेतच बसवायचे असते. प्रत्येक मुलाच्या ताटात केवळ ५० ग्रॅम भाजी पडावी असे म्हटले, तरी पंचवीस मुलांना सव्वा किलो भाजी लागते आणि किलोला ६० रुपये भाव धरला तर तिचेच ७५ रुपये होतात. भाव शंभरावर गेला की सव्वाशे. अशा वेळी बचत गटाची बाई काय करते, हे सांगण्यासाठी चौकशी समिती नेमायची गरज नाही. खिचडीत दोन टोमॅटो, एक गाजर आणि रंगापुरती कोथिंबीर पडते आणि नोंदवहीत ‘मिश्र भाज्यांची खिचडी’ असे लिहिले जाते. तिच्याकडे बोट दाखवून उपयोग नाही. त्या रकमेत त्याहून वेगळे काही रांधून दाखवावे, असे आव्हान मी कोणत्याही अधिकाऱ्याला देईन.

यात नियमाचाही दोष आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या आहारात रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाच्या आहारात ७५ ग्रॅम भाजी असावी, असे शालेय पोषण आहाराचे निकष स्पष्ट शब्दांत सांगतात. अंगणवाडीसाठी मात्र २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने एवढेच सांगितले. २०२३ मध्ये केंद्राने या कायद्याच्या परिशिष्टात सुधारणा केली आणि त्यात लोह, कॅल्शियम, फोलेट, जस्त, अ जीवनसत्त्व अशा सूक्ष्म पोषकद्रव्यांचा विचार आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु सूक्ष्म पोषकद्रव्यांचा आकडा कारखान्यात भुकटी मिसळूनही गाठता येतो. तीन वर्षांच्या मुलाला घेवड्याची, भोपळ्याची, मेथीची चव लागावी, दाताखाली चावण्याजोगे काही यावे, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ५० ग्रॅम भाजी लागते आणि पाच वर्षांच्या मुलासाठी तिचा उल्लेखही नसावा, याला काय तर्क म्हणावा?

सहा महिने ते तीन वर्षे या वयोगटाची स्थिती तर आणखी बिकट आहे. आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड मिळण्याचे आणि जिभेला चवींची ओळख होण्याचे हेच वय. या मुलांना अंगणवाडीत जेवण नसते. त्यांच्या घरी टीएचआर (टेक होम रेशन, घरी न्यायचा आहार), म्हणजे शिरा, उपमा, सुकडी अशा नावांची पूर्वमिश्रणाची पाकिटे जातात. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या योजनेत कंत्राटदार नकोत, स्थानिक महिला मंडळे आणि बचत गटांना काम द्यावे असे बजावले होते. पुढे मंडळांच्या आडून कोण कसे शिरले आणि निविदा कशा लढल्या गेल्या, हा इतिहास आपल्याच वृत्तपत्रांनी वेळोवेळी छापला आहे, तो मी उगाळत नाही. पाकिटे मूल खात नाही, चव आवडत नाही आणि ती शेवटी कोंबड्या-शेळ्यांपुढे जातात, हेही कोणापासून लपलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की पाकीट कितीही चांगले बनवले तरी ते कोरडेच राहते. शिजवलेल्या भोपळ्याची किंवा कुस्करलेल्या केळ्याची जागा ते घेऊ शकत नाही.

मग मूल ही ताजी भाजी घरी खात नाही का, असे विचारले जाईल. खाते, पण किती आणि कोणती, हे पाहण्यासाठी रात्री साडेआठच्या सुमारास एखाद्या वस्तीच्या तोंडाशी लागणाऱ्या हातगाड्यांपाशी जाऊन उभे राहावे. बांधकामावरून, धुण्याभांड्यांच्या कामावरून परतणाऱ्या बायका त्या वेळी भाजी घेतात. किलोचा भाव ३० रुपये असला तरी पाव किलो घेणाऱ्या बाईला १० रुपये मोजावे लागतात, म्हणजे बंगल्यातल्या गिऱ्हाइकापेक्षा तिला ती किलोमागे १० रुपयांनी महाग पडते. घरात फ्रिज नाही, म्हणून स्वस्त असेल त्या दिवशी जास्त घेऊन ठेवता येत नाही. पालेभाजी निवडायला वेळ लागतो, धुवायला पाणी लागते, शिजल्यावर ती मूठभर उरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याला चालत नाही. कांदा-बटाटा मात्र टोपलीत आठवडाभर टिकतो, दोन्ही वेळा पुरतो आणि लहान मूलही कटकट न करता खाते. गाडीवर उरलेल्या, माना टाकलेल्या मेथीचा किंवा चाकवताचा पाच-दहा रुपयांचा वाटा हीच त्या घरातली बहुतेक वेळची पालेभाजी असते. ही आई अडाणी आहे, तिला पोषण कळत नाही, असे समजून आपण तिच्यापुढे तक्ते धरतो. वास्तविक तिचा हिशेब तिच्या परिस्थितीत अगदी चोख आहे.

या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या खात्यातल्या चर्चांत मी क्वचितच ऐकली. चिप्सचा पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो. आतला माल कमी होतो, पण किंमत तीच राहते. भाजीचे तसे नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला आणि केंद्र सरकारला सहकारी संस्थांमार्फत तो सवलतीत विकावा लागला. त्याच टोमॅटोचे क्रेट दर पडले की शेतकरी रस्त्यावर ओततो आणि मेथी-कोथिंबिरीच्या उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो. हातावर पोट असलेल्या घराला महाग वस्तूपेक्षा भरवसा नसलेली वस्तू जास्त अडचणीची असते. रडणाऱ्या मुलाच्या हातात काय द्यायचे हे ज्या आईला खिशातल्या एका नाण्यावर ठरवायचे आहे, ती ठरलेल्या किमतीच्या पुड्याकडे वळते यात नवल नाही.

यावर तोडगा शोधायला फार दूर जायचे कारण नाही. आपल्याच राज्यात डिसेंबर २०१५ पासून आदिवासी क्षेत्रात भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालू आहे. आधी गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि पुढच्या टप्प्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी, अशी तिची रचना आहे. या योजनेतली मोलाची गोष्ट म्हणजे पैसे स्थानिक आहार समितीच्या खात्यावर जातात आणि वस्तू गावातच खरेदी होतात. पैसे उशिरा पोचल्याच्या, सेविकांनी उधारीवर अंडी आणल्याच्या तक्रारी तिथेही झाल्या. तरीही पाकिटाबाहेरचे, ताजे, मुलाच्या हातात दिसणारे अन्न सरकारी योजनेतून देता येते, एवढे या योजनेने सिद्ध केले आहे. मेळघाट, जव्हार, मोखाडा येथे जे चालते, ते गोवंडीत, हडपसरला किंवा सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्त्यांत का चालू नये? शहरातली गरिबी आदिवासी पाड्याइतकी ठळक दिसत नाही, म्हणून तिला ही योजना लागू नाही, असेच म्हणावे लागते. पावसाळ्यात पाड्यावरच्या बाईला निदान टाकळा, कुर्डू, करटोली, शेवळे रानातून फुकट आणता येतात. पत्र्याच्या खोलीतल्या बाईला कोथिंबिरीची काडीही विकत घ्यावी लागते.

बाहेरचे दाखले थोडक्यात देते. अमेरिकेत गरीब गर्भवती, माता आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ‘विक’ नावाची योजना आहे. तिच्यात २००९ पासून केवळ भाजी-फळांसाठी वेगळी रक्कम मिळू लागली. मुलामागे महिन्याला ६ डॉलरपासून सुरुवात झाली, करोनाच्या काळात ती बरीच वाढवली गेली आणि अलीकडे ती २६ डॉलरपर्यंत आली, कारण ती महागाईशी जोडलेली आहे. त्यांची श्रीमंती आपल्याकडे नाही हे उघड आहे. पण ‘ही रक्कम भाजी-फळांचीच’ असे वेगळे लिहिणे आणि ती दरवर्षी भावाप्रमाणे बदलणे, या दोन गोष्टींना श्रीमंती लागत नाही. जवळचे उदाहरण तमिळनाडूचे. तिथे २०१३ पासून चेन्नईत सहकारी संस्था ताज्या भाजीची दुकाने चालवतात, आणि २०२३ च्या टोमॅटो-टंचाईत तिथल्या सरकारने रेशन दुकानांतून ६० रुपये किलोने टोमॅटो विकला. आपल्याकडेही २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि पणन मंडळाच्या पुढाकाराने शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. ते भरतात मात्र बहुधा चांगल्या सोसायट्यांच्या आसपास, जिथे गिऱ्हाईक पिशव्या भरून नेते.

माझी मागणी साधी आहे. अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलामागे दिवसाला ५ रुपये, सध्याच्या दराव्यतिरिक्त, फक्त ताजी भाजी आणि फळे यांसाठी वेगळ्या लेखाशीर्षाखाली द्यावेत. तीन वर्षांवरील मुलांच्या ताटात त्यातून रोज ५० ग्रॅम भाजी पडेल आणि आठवड्यातून दोनदा केळे किंवा पेरूची फोड हातात येईल. तीन वर्षांखालील मुलाच्या आईला टीएचआरच्या जोडीने दर आठवड्याला ३० रुपयांची ताजी पिशवी मिळावी: एक पालेभाजीची जुडी, दोन केळी, एक लिंबू, मोसमाप्रमाणे बदल करण्याची मुभा सेविकेला असावी. ही खरेदी वस्तीतल्याच भाजीवालीकडून किंवा बचत गटाकडून व्हावी. जिल्हास्तरावर निविदा निघाली की चार दिवस गोदामात पडलेली भाजी ट्रकने येईल आणि तिची गत पाकिटांसारखीच होईल. पैसे मात्र आगाऊ हवेत, कारण रोज बाजारातून रोखीने माल उचलणारी भाजीवाली तीन महिन्यांच्या बिलाची वाट पाहू शकत नाही.

वर्षाला आहाराचे ३०० दिवस धरले, तर हा खर्च मुलामागे १५०० रुपये होतो. लाभार्थी मुले ५० लाख मानली, तर ७५० कोटी. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत एका बहिणीला एका महिन्यात जेवढी रक्कम मिळते तेवढ्यात एका मुलाची वर्षाची भाजी येते, आणि त्या योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी रुपये ठेवले होते. त्या योजनेला माझा विरोध नाही. उलट त्या पैशांनी अनेक घरांत गॅस वेळेवर भरला गेला असेल याची मला खात्री आहे. परंतु ‘आईच्या खात्यात पैसे जातात, भाजी तिनेच घ्यावी’ हे उत्तर मला मान्य नाही. भाडे, औषध, शाळेची फी, जुनी उधारी यांच्या रांगेत भाजी नेहमी शेवटी उभी असते, म्हणूनच तिचे पैसे वेगळे हवेत.

दुसरा आक्षेप परसबागेचा: भाजी विकत कशाला, दारातच पिकवा. ग्रामीण भागात ‘उमेद’ या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांनी घराभोवती चांगल्या परसबागा फुलवल्या आहेत आणि जिथे जागा व पाणी आहे तिथे त्या व्हायलाच हव्यात. पण दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या, आठवड्यातून दोनदा टँकरची वाट पाहणाऱ्या शहरी अंगणवाडीला परसबागेचे उद्दिष्ट देणे म्हणजे निव्वळ कागद रंगवणे. पैसे आणि माल मधल्या मध्ये गळेल, हा तिसरा आक्षेप खरा आहे. आठवड्याच्या पिशवीवर मातांच्या सह्या, खरेदीचा फलक दारावर आणि महिन्यातून एकदा माता समितीकडून तपासणी, यांपलीकडे त्यावर जादूचा उपाय माझ्याकडे नाही. सेविकेच्या मोबाइलमध्ये आणखी एक ॲप मात्र कृपया नको. माहिती भरता भरता मुलांकडे पाहायला वेळ उरत नाही, ही सेविकांची तक्रार रास्त आहे. शिवाय अशी जोड एकदा देऊन काढून घेऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे किंवा केळे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या वस्तीत लोकांनाच आहाराची गरज आहे तिथे लोकसहभाग कोणाचा घ्यायचा?

शेवटचा मुद्दा नगरविकास खात्याचा आहे. वस्तीतल्या आईपर्यंत ताजी भाजी पोचवणारी सर्वांत स्वस्त व्यवस्था म्हणजे हातगाडी आणि पथारी. कोणत्याही शहरात अतिक्रमणविरोधी मोहीम निघाली की पहिला घाव या गाड्यांवर पडतो. माल जप्त होतो, दंड भरून गाडी सुटेपर्यंत भाजी कुजते आणि ते नुकसान पुढच्या आठवड्यात वाट्याच्या भावात भरून काढले जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती सांगितली आहे. त्या समित्यांनी विक्री क्षेत्रे आखताना वस्तीलगतच्या आणि अंगणवाडीजवळच्या भाजीच्या गाड्यांना प्राधान्य द्यावे. यात सरकारचा एक पैसाही जात नाही.

महिला व बालविकास विभागाच्या मागण्यांवर विधिमंडळात चर्चा होते तेव्हा अंगणवाडीच्या इमारती, मानधन, भरती यांवर सदस्य बोलतात, आणि ते विषय महत्त्वाचेच आहेत. येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने तरी मंत्र्यांना विचारावे की सहा वर्षांखालील मुलाच्या दिवसाच्या ८ रुपयांत भाजीचे किती रुपये आणि फळाचे किती, आणि त्याचे उत्तर सभागृहाच्या पटलावर जिल्हावार ठेवायला लावावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका, पुणे जिल्हा